बडोद्यात राहून दारू सोडण्यासाठी मराठीतून ऑनलाइन मदत कुठे मिळेल?

प्रश्न: दांडियाबाजार_बडोदा

नमस्कार. आम्ही बडोद्याचे, चार पिढ्या इथेच गेल्या. घरात मराठी, बाहेर गुजराती. यजमान ४४ वर्षांचे, नंदेसरीला केमिकल कंपनीत शिफ्ट ड्युटीला आहेत.

गुजरातेत दारूबंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ती घरपोच कशी येते हेही सगळ्यांना माहीत आहे. फोन केला की एक मुलगा अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीतून आणून देतो. आधी फक्त शनिवारी, मग रोज संध्याकाळी, आणि दिवाळीपासून सकाळी दात घासायच्याही आधी. उठल्यावर हात इतके थरथरतात की शर्टाची बटणं लावता येत नाहीत. दोन घोट घेतले की लागतात. मुलगी दहावीत आहे. ती आता बाबांचा चहा कपात अर्धाच ओतते, सांडू नये म्हणून. तिला हे कोणी सांगितलेलं नाही.

"मला सोडायची आहे" असं ते स्वतःहून म्हणाले, पूर्ण शुद्धीत. पण डॉक्टर नको, मीटिंग नको. एक तर बडोद्यातला मराठी समाज एवढासा, गणपती मंडळ काय नि भजनी मंडळ काय, सगळीकडे तीच माणसं. आणि दुसरी भीती पोलिसांची. पिणं हाच इथे गुन्हा, मग "मी पितो" हे चारचौघांत बोलायचं कसं? "मोबाईलवर काही असेल तर ऐकतो" इथपर्यंत आले आहेत. त्यांना मनातलं मराठीतच बोलता येतं, म्हणून मराठीत असलं तर फार बरं.

असं खरंच काही असतं का? पैसे लागतात का? नाव कळतं का? फेसबुकवर "रुग्णाला न सांगता दारू सोडवा" अशी पावडरची जाहिरात सारखी दिसते. सासूबाई म्हणतात मागव, वरणात घालू. मागवू का? एका केंद्रात फोन केला होता तर ते म्हणाले, "गाडी पाठवतो, चार पोरं उचलून आणतील." ते मला करायचं नाही. माणूस स्वतः तयार असताना त्याला असं का न्यायचं?

रामबाग_इंदूर

ताई, पावडर अजिबात मागवू नका. कारण इथले जाणकार सांगतीलच.

ऑनलाइन मीटिंगा खरंच असतात. आमच्याकडे इंदुरात दारू उघड मिळते. २०२३ च्या एप्रिलपासून सरकारने दुकानांजवळचे अहाते बंद केले, तेव्हा तिथे बसणारे कितीतरी जण घरी आणून प्यायला लागले. माझे मेहुणे त्यातले. ते आता ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी मीटिंगला झूमवर बसतात. चालवणारे महाराष्ट्रातले, आमचे मेहुणे राजेंद्रनगरात गच्चीवर खुर्ची टाकून. एक पैसा लागलेला नाही. घरातलं वातावरण किती बदललं ते माझ्या बहिणीला विचारा.

सूरसागर_काठ

ताई, मी बडोद्याचाच. ए.ए. मध्ये आहे, काही वर्षं झाली. जरा लांबलचक लिहितोय. जमलं तर यजमानांनाही वाचायला द्या.

सगळ्यात आधी एक सांगतो. त्यांना उद्यापासून एकदम बंद करायला लावू नका. सकाळी घोट घेतल्याशिवाय बटण लागत नाही याचा अर्थ शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा माणसाने घरात बसून शपथेवर सोडली तर फिट येऊ शकते. आधी डॉक्टर, मग मोबाईल. अंगातली दारू सुरक्षितपणे उतरवायचं काम डॉक्टरांचं. उतरल्यावर पुन्हा पहिला पेग उचलला जाऊ नये, त्यासाठी मीटिंग.

पोलिसांचं. ही भीती मलाही होती, म्हणून नीट सांगतो. ए.ए. मध्ये फॉर्म नाही, हजेरीपट नाही, आडनाव नाही. सभासदांची यादीच नसते, तर ती कोणाला जाणार? दारू सोडायची इच्छा एवढीच सभासद व्हायची अट आहे. डॉक्टरांचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रास धरलेले आहेत, आणि त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. दारूबंदीच्या राज्यातले डॉक्टर असले तरी हा आजार त्यांना नवा नाही. खोटं कारण सांगून जाऊ नका. किती पितात, सकाळी पितात का, हे खरं सांगा. औषधाचा डोस त्यावरच ठरतो.

आता मीटिंगबद्दल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तिथे काय होतं ते माहीत असेल तर धीर येतो. लिंकवर गेलं की आधी थोडी शांतता, मग प्रार्थना, मग ए.ए. म्हणजे काय याचं छोटंसं वाचन. त्यानंतर एकेक जण माइक उघडतो, पहिलं नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक आहे" म्हणतो आणि आपलं बोलतो. मधे कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, "तुमचं चुकलं" म्हणत नाही. कोणाच्या मागे कुकरची शिट्टी, कोणाच्या मागे नातवंडांचा गोंगाट, एक जण आखातातून ड्युटी संपवून बसलेला. मी पहिली मीटिंग सूरसागरच्या कठड्यापाशी स्कूटरवर बसून कानात इअरफोन घालून ऐकली. कोणी माझं नाव विचारलं नाही. एका सांगलीकडच्या माणसाने आपण बाटली तांदळाच्या डब्यात कशी लपवायचो ते सांगितलं. आमच्या घरातही तांदळाचाच डबा होता. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, असा हलकटपणा जगात मी एकटाच करतो.

शेवटी वर्गणीचा क्यूआर कोड येतो, पण नव्या माणसाने काहीही द्यायचं नसतं. ए.ए. फी घेत नाही, औषध विकत नाही, कोणाला दाखल करत नाही. त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर ते ए.ए. नव्हे, लगेच बाहेर पडा.

मीटिंग शोधायची कशी? ए.ए. चं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या वेबसाइटवर हेल्पलाइनचे नंबर असतात. तिथे "मराठी ऑनलाइन मीटिंग हवी" एवढं सांगा. फोन यजमानांनीच करावा. उचलणारा स्वतः पिऊन सावरलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी बोलताना लाज कमी वाटते.

आणि आता मला जे मनापासून सांगायचंय ते. मीटिंगची वेळ निवडताना घरातली सोय बघू नका, त्यांच्या तलफेची वेळ बघा. माझी तलफ सात वाजता यायची. दिवेलागणीला पाय आपोआप त्या गल्लीकडे वळायचे. म्हणून मी सातचीच मीटिंग धरली, पावणेसातला इअरफोन कानात. दुपारी निवांत असताना ऐकलेली मीटिंग मला तरी संध्याकाळी उपयोगी पडली नाही. शिफ्टवाल्यांसाठी तर ऑनलाइन हे वरदानच आहे. यजमान नाइट करून सकाळी सातला घरी येत असतील तर त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. त्या वेळी मराठी मीटिंग नसेल, पण हिंदी किंवा इंग्रजी कुठली ना कुठली जगात चालू असतेच. इंटरनेट नव्हतं तेव्हा बोटींवरचे खलाशी आणि आडगावातले सभासद एकमेकांना पत्रं लिहून मीटिंगचं काम भागवत. लांबून चालवलेली मदत ए.ए. ला नवी नाही.

दुसरं तितकंच महत्त्वाचं. पहिल्याच आठवड्यात मीटिंगमधल्या एका तरी माणसाचा फोन नंबर घ्या. पुरुषाने पुरुषाचा घ्यावा, अशी आमच्यात रीत आहे. नुसती स्क्रीन बघणारा माणूस एक दिवस लिंक उघडत नाही आणि कोणाला कळतही नाही. नंबर असला की समोरून फोन येतो, "आज दिसला नाहीस, काय झालं?" पुढे त्यातलाच कोणीतरी स्पॉन्सर होतो, म्हणजे बारा पायऱ्यांतून, ए.ए. च्या सावरण्याच्या बारा टप्प्यांतून, हात धरून नेणारा. मी अजूनही रोज फोन करतो. बहुतेक वेळा मॅचबद्दलच बोलतो.

नाव लपवायचं तर दोन गोष्टी तपासा. झूमवर नावाच्या जागी बऱ्याचदा पूर्ण नाव किंवा मोबाईलचं मॉडेल येतं, ते आत जाण्याआधी बदला. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे नुसती मीटिंगची लिंक मिळाली तर पुरे, ग्रुपमध्ये शिरायची घाई नको.

अजून एक, हे फक्त आपल्या राज्यापुरतं. डिकीतून येणाऱ्या बाटलीत काय असतं ते कोणालाच माहीत नसतं. २०२२ च्या जुलैमध्ये बोटादकडे ४० हून अधिक माणसं गेली ती मिथाइल अल्कोहोलने, तेही कारखान्यातून बाहेर पडलेल्या. प्यायल्यावर काही तासांनी डोळ्यांपुढे अंधूक व्हायला लागलं, पोटात कळा आल्या, धाप लागली तर "उतरेल" म्हणून झोपू देऊ नका. थेट हॉस्पिटल गाठा.

सिस्टर_मिरज

मी मानसोपचार वॉर्डात परिचारिका आहे. वर दादांनी डॉक्टरांबद्दल लिहिलंय त्यात थोडी भर घालते.

रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. दारू एकदम काढली की दाबलेली स्प्रिंग सुटावी तसा तो उसळतो. सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं. फिट आली तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. याला डेलिरियम म्हणतात आणि यात उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. घरचे म्हणतात "बाहेरचं काहीतरी लागलंय" आणि अंगारा लावत बसतात. ती वेळ हॉस्पिटलची असते. पूर्वी कधी फिट आली असेल, लिव्हरचा त्रास असेल, तर दाखल होऊनच सोडायला हवी.

योग्य औषधांनी हे पाच-सात दिवस बरेच सुसह्य होतात. लिब्रियमसारख्या गोळ्या डॉक्टर कमी कमी करत नेतात. मेडिकलवाल्याकडून आणून आपल्या मनाने द्यायच्या नाहीत, आणि त्यांच्यावर दारू तर नाहीच नाही. सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. गल्लीतले डॉक्टर "अशक्तपणा आहे" म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावून मोकळे होतात. तुम्ही आवर्जून सांगा, "हे रोज पितात, आधी थायमिन द्या." बी-१ ची कमतरता असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. त्या आठवड्यात यजमानांना कंपनीतून रजा घ्यायलाच लावा. केमिकल प्लांटमध्ये उभं असताना फिट आली तर काय, हा विचारसुद्धा नको वाटतो.

आता पावडर. अशा न सांगता द्यायच्या औषधात काय असतं ते पाकिटावर नीट लिहिलेलं नसतं. काहींत डायसल्फिराम असण्याची भीती असते. हे खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण रुग्णाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, शेवटचा घोट घेऊन निदान १२ तास झाल्यावर. ते पोटात असताना दारू घेतली तर शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं: चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. ज्याला आपल्या वरणात काय घातलंय हेच माहीत नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा पिणारच. सासूबाईंना एवढंच सांगा की यात मुलगा दगावू शकतो. तलफ कमी करणारी औषधं आता वेगळी आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. कोणतं चालेल ते लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या बघून डॉक्टर ठरवतील.

रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस, १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, चोवीस तास, मोफत, भाषा निवडता येते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६.

केंद्र सरकारसाठी एम्सने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात, असं त्यात निघालं. तुमचे यजमान स्वतःहून "सोडायची आहे" म्हणतात. वॉर्डात आम्ही हे वाक्य ऐकायला महिनोन्महिने थांबतो. या आठवड्यातच न्या त्यांना.

अजवारोड_३९

माझं थोडं वेगळं मत आहे, रागावू नका. मी देव मानत नाही. ए.ए. च्या पायऱ्यांमध्ये "आपल्यापेक्षा मोठी शक्ती" येते तिथे माझं घोडं अडलं. मी स्मार्ट रिकव्हरीच्या ऑनलाइन मीटिंगांना बसलो. १९९४ पासून चालू आहे, विचार आणि सवयी बदलायच्या मानसशास्त्रीय पद्धतीवर आधारलेली. तलफ आली की ती लिहून काढायची, प्यायल्याचे फायदे-तोटे स्वतःच कागदावर मांडायचे, असे व्यायाम असतात. मला जमलं. अडचण एकच, मी बसलो त्या मीटिंगा इंग्रजीत होत्या.

तरी ज्याला मराठीच हवं त्याने आधी ए.ए. बघावी असंच मी म्हणेन. २०२० साली कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने, २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र करून आढावा घेतला होता. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए.ए. आणि बारा पायऱ्यांकडे वळवणारे उपचार बाकीच्या उपचारांच्या तोडीस तोड ठरले, काही ठिकाणी सरस. प्रार्थनेच्या वेळी मी असतो तर गप्प बसलो असतो. कोणी जबरदस्ती करत नाही म्हणतात.

सूरसागर_काठ

@अजवारोड_३९, अजिबात राग नाही. आमच्या ग्रुपमध्ये देव न मानणारे दोघं-तिघं आहेत. त्यातला एक म्हणतो, माझी मोठी शक्ती म्हणजे हा ग्रुप. त्याचं चाललंय छान.

दांडियाबाजार_बडोदा

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना सिस्टरांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. पावडर रद्द. सोमवारी सकाळी ओपीडीला जायचं ठरलंय, दीर येणार आहेत सोबत. यजमानांनी काल हेल्पलाइनला स्वतः फोन केला. दार लावून बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आता माझंच विचारते. मला रात्री झोप येत नाही. ते बाथरूमला उठले तरी मी बाटलीचा आवाज येतोय का ते ऐकत पडते. मुलीचं अभ्यासात लक्ष नाही. आमच्यासाठीही असं काही असतं का?

गोदाकाठची_नाशिक

असतं ताई, आणि यजमान सोडतील की नाही याची वाट न बघता तुम्ही ते सुरू करू शकता.

अल-अ‍ॅनॉन म्हणून दारुड्यांच्या घरच्यांची संघटना आहे, १९५१ पासूनची. ए.ए. पेक्षा वेगळी, पण रीत तीच: फी नाही, आडनाव नाही, ऑनलाइनही बसता येतं. तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांसाठी तिचीच शाखा आहे, अलाटीन. मुलीला विचारा, लादू नका. माझ्या मुलाने पहिल्यांदा "मला नाही यायचं" म्हणून दार आपटलं होतं. नंतर तो आपणहून बसायला लागला. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम चालतं. तिथे पत्नींसाठी "सहचरी" नावाचा गट आहे, त्यांच्याकडेही फोन करून ऑनलाइन काही होतं का ते विचारा.

बाटलीचा आवाज ऐकत पडणं मला तंतोतंत माहीत आहे. अल-अ‍ॅनॉनमध्ये पहिल्या दिवसापासून एकच सांगतात: हे मी घडवलं नाही, मी ते आवरू शकत नाही, मी ते बरं करू शकत नाही. मला हे पटायला फार वेळ लागला, कारण घरचे उलटं सांगत होते की बायको नीट असती तर तो प्यायलाच नसता. तुम्हालाही कोणी तसं म्हटलं असेल तर ते मनातून काढून टाका.

रोजच्या वागण्यातलं थोडं सांगते. बाटल्या शोधून मोरीत ओतू नका, आणि सिस्टर म्हणाल्या तसं सोमवारपर्यंत एकदम बंदही करायला लावू नका. कंपनीत "ताप आलाय" असा फोन तुम्ही करायचा नाही, त्यांचा फोन त्यांनी करावा. प्यायलेले असताना काहीही विचारू नका, भांडू नका. जे बोलायचं ते सकाळी, मुलगी शाळेत गेल्यावर. हात उगारला गेला तर मात्र थांबायचं नाही, मुलीला घेऊन बाहेर पडायचं. महिला हेल्पलाइन १८१. आणि सोडल्यावर मधेच एखादा दिवस घसरले, आमच्यात "स्लिप" म्हणतात, तर सगळं संपलं असं समजून रडत बसू नका. त्याच दिवशी त्यांच्या स्पॉन्सरला कळू दे आणि डॉक्टरांनाही.

तुमची मीटिंग दुपारची बघा, यजमान ड्युटीवर आणि मुलगी क्लासला असताना. सुरुवातीला नुसतं ऐका, कॅमेरा बंद. बोलावंसं वाटेल तेव्हा गच्चीवर जा, म्हणजे सासूबाईंसमोर अवघडायला होणार नाही. लिंक मीटिंगच्या आधी कोण पाठवतं ते पहिल्याच फोनमध्ये विचारून घ्या, कारण काही ठिकाणी ती दर वेळी बदलते.